निळे डोंगर, पांढरं धुकं आणि आक्कांचं ‘बघू की’

ऑस्ट्रेलियाहून परत आल्यापासून सोलापुरात मला दोनच प्रश्न विचारले जातात. कांगारू बघितला का, आणि खाण्याचे हाल झाले का? तर कांगारू बघितला. आधी रस्त्याकडेच्या पिवळ्या पाटीवर आणि मग खरा. खरा होता तो भर दुपारी कुशीवर लोळत पडला होता आणि आमच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. खाण्याचे हाल मुळीच झाले नाहीत. बाकीचं प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला मला वेळ नाही. माझा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे, तिथं बोलत बसलं की कुणाची तरी कॉलर उलटी लागते. म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी गेले ते आक्कांची सोबत म्हणून. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, राहणार अकलूज. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच असतात, सोबतीला एक म्हैस. शेत पुतण्या बघतो. एकुलता एक मुलगा संदीप सिडनीला नोकरी करतो. गेल्या वर्षी आक्का गोठ्यात पाय घसरून पडल्या आणि शेजारीण दूध न्यायला येईपर्यंत तिथंच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण तिकडं संदीपची झोप उडाली. आईनं आता कायमचं सिडनीला यायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. आधी महिनाभर राहून बघ, मग पुढचे कागद करू, असं म्हणून त्यानं तिकीट काढलं. “सुनंदा आली तर येते,” असं आक्कांनी सांगितल्यावर माझंही काढलं. नवऱ्यालाही परदेश बघायची हौस होती. पण आक्कांच्या सोबतीला बाईमाणूसच लागतं, असं मी म्हटल्यावर त्यांचा मुद्दा संपला. त्यांना कारखान्यावर बसवलं आणि आम्ही दोघी निघालो.

निघण्याआधी आमच्या बोलण्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं वाक्याच्या शेवटी ‘की’ लावला की गोष्ट पक्की होते. ‘येतो की’ म्हणजे नक्की येतो. ‘जेवलो की’ म्हणजे पोटभर जेवलो, आता आग्रह नको. याला अपवाद एकच, ‘बघू की’. ‘बघू की’ म्हणजे नाही. आणि तेही साधं नाही नव्हे, हा विषय परत काढू नकोस, असलं नाही. माळशिरसापासून अक्कलकोटापर्यंत हे लहान पोरालासुद्धा कळतं. जत्रेत फुगा मागितल्यावर आई ‘बघू की’ म्हणाली की पोर लगेच भोकाड पसरतं, कारण आता वाट बघण्यात अर्थ नाही हे त्याला समजलेलं असतं.

सिडनीचा विमानतळ

ऑस्ट्रेलियात खाण्याचा जिन्नस नेला तर आधी सांगावं लागतं. आम्ही सगळं सांगितलं. आक्कांना लपवण्यापेक्षा दाखवण्यात जास्त रस होता. तिथल्या उंच अधिकाऱ्यानं हातमोजे घालून आमची पिशवी टेबलावर मोकळी केली. कडक भाकरी उजेडात धरून त्यानं बोटानं वाजवली. खण्ण असा आवाज आला. त्यानं मला विचारलं, ही भिंतीवर लावायची वस्तू आहे का? मी म्हटलं, खायची आहे. त्यानं परत एकदा वाजवली आणि सभ्यपणानं बाजूला ठेवली. मग शेंगाच्या चटणीचा डबा उघडला, वाकून वास घेतला आणि सलग शिंकत सुटला. डोळे पुसत त्यानं डबा परत दिला.

तुपाचं मात्र जमलं नाही. घरच्या दुधाचा पदार्थ तिकडं चालत नाही. आक्कांनी म्हशीचं तूप स्वतः कढवून, रवाळ करून, बरणीला तीन फडकी बांधून आणलं होतं. अधिकारी पुनःपुन्हा सॉरी म्हणत होता.

“काय म्हनतोय?” आक्कांनी विचारलं.

“तूप टाकून देणार म्हणतोय.”

“टाकून कशाला? घरी ने म्हनावं. भातावर घे, लई झ्याक लागतंय.”

हे मी त्याला इंग्रजीत सांगितलं नाही. अधिकाऱ्याला लाच देऊ केली म्हणून आम्हाला तिथूनच परत पाठवलं असतं.

संदीपचं घर

संदीपचं घर शहराच्या पश्चिमेला, शांत वस्तीत. इतकी शांत की पहिल्या दिवशी आक्कांनी विचारलं, “हितं कोन वारलंय काय?” दारासमोर जांभळ्या फुलांचं झाड. आपल्याकडं उन्हाळ्यात गुलमोहर जसा पेटतो, तसा तिकडं नोव्हेंबरात जॅकरांडा. खाली पडलेल्या फुलांचा सडा कुणी झाडत नाही. आक्कांनी दुसऱ्या दिवशी सकाळी झाडला, थेट शेजाऱ्याच्या दारापर्यंत. शेजारी बाहेर येऊन थँक्यू म्हणाला आणि संध्याकाळी केक देऊन गेला.

संदीपची बायको रश्मी पुण्याची. मुलगी चांगली आहे, फक्त भाजीत साखर घालते. दोघांनी मिळून आक्कांसाठी खोली सजवली होती. कमी उंचीचा पलंग, भिंतीला देव्हारा, न्हाणीघरात धरायला कठडे, आणि पलंगावर आपली सोलापुरी चादर. आम्ही भेट म्हणून नेलेल्या दोन चादरी मग पिशवीतच राहिल्या.

“आई, ही खोली तुझी,” संदीप म्हणाला. “आवडली ना? राहशील ना आता इथंच?”

आक्का खोलीभर फिरल्या, कठडा हलवून बघितला, चादरीचं सूत चिमटीत धरून पाहिलं.

“बघू की,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, पोराचं तोंड पडणार. पण संदीप हसला. रश्मीही हसली. दोघांनी एकमेकांकडे आनंदानं पाहिलं. मी मनात म्हटलं, पोरं किती समजूतदार निघाली! आमच्याकडं असती तर आठवडाभर फुगून बसली असती.

बंदरावर

सिडनीला गेलं की ऑपेरा हाऊस बघावंच लागतं. नाही बघितलं तर परत आल्यावर लोक तुम्ही गेलाच नाहीत असं धरून चालतात. लांबून ते पांढरं दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की थोडं सायीच्या रंगाचं आहे आणि वर फरशीचे बारके तुकडे बसवलेत. मला बांधकामातलं काही कळत नाही. पण असल्या वाकड्या पाठीवर चौकोनी तुकडे एकही चुणी न पडता बसवायचे म्हणजे काय, हे खांद्याला बाही लावणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल. मी हात फिरवून बघितला. काम चोख आहे.

आक्का जरा मागं सरून म्हणाल्या, “लसनाचा गड्डा फोडून ठिवल्यागत दिसतंय.” तेव्हापासून मला त्यात लसणाच्या पाकळ्याच दिसतात. आता फोटो बघितला तरी तेच.

तिथून बोटीनं फिरलो. पुलाची ती लोखंडी कमान डोक्यावरून गेली, उंच इमारती मागं पडल्या आणि वाऱ्यानं आक्कांचा पदर फडफडायला लागला. त्या सगळ्यात पुढं जाऊन बसल्या होत्या.

“उजनीच्या धरनापरीस मोटं हाय का रं?”

“आई, हा समुद्र आहे.”

“म्हंजी खारं. मंग उसाला काय उपेग?”

त्या एका वाक्यात सिडनीचं जगप्रसिद्ध बंदर निकालात निघालं.

दुपारी बागेत बाकावर बसून भाकरी सोडली, तेवढ्यात वाकड्या चोचीचा पांढरा पक्षी आला आणि आक्कांच्या हातातला तुकडा घेऊन गेला. ओळखीचा वाटला म्हणून नीट बघितलं, तर आपल्या शराटीचा भाऊबंद. उजनीच्या काठाला शराटी बघायला लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून पहाटे येतात. इथं तो कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून उभा असतो आणि लोक त्याला हाकलतात. “हाड!” आक्का ओरडल्या. पक्षी हलला नाही. शेजारच्या बाकावरचं कुत्रं मात्र उठून गेलं.

कटुंबा

सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्स म्हणून डोंगररांग आहे. संदीपनं शनिवारी आम्हाला गाडीनं कटुंबा नावाच्या गावी नेलं. गावाच्या टोकाला कड्यावर सज्जा बांधलाय. तिथून दरी दिसते आणि दरीच्या कडेला एकमेकींना चिकटून उभे तीन सुळके, त्यांना ‘तीन बहिणी’ म्हणतात. ते बघायला जगभरातून माणसं येतात.

आम्ही पोचलो तेव्हा समोर नुसतं पांढरं होतं. धुकं इतकं दाट की कठड्याच्या पलीकडं दरी आहे की कुणी धोतर वाळत घातलंय, ते कळू नये. शंभरेक माणसं कॅमेरे धरून त्या पांढऱ्याकडे तोंड करून गप्प उभी होती. कठड्याला पाटी होती. समोर काय दिसायला हवं, त्याचं तिच्यावर रंगीत चित्र.

आक्कांनी चित्र नीट बघितलं. “हितं फोटू हाय की. बघितलं. चला.”

“आई, थांब. धुकं जाईल.”

थांबलो. गारठा अंगात शिरायला लागला तशी मी पिशवीतली चादर काढून आक्कांभोवती गुंडाळली. लाल-काळी, मोराच्या नक्षीची. त्या वेळी त्या सज्ज्यावर दिसण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. त्यामुळं लांबून आलेल्या एका टोळक्यानं विचारून आक्कांचेच फोटो काढले. रश्मी कॉफी घेऊन आली. चार कप संदीपच्या हातात दिले, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. हात रिकामे नव्हते म्हणून रश्मीनं फोन काढून मोठ्या आवाजावर लावला.

पलीकडं बाळू, आक्कांचा पुतण्या. अकलुजात नुकतं उजाडत होतं.

“दादा, काकूंच्या कपाटाची किल्ली कुटं हाय? मास्तरीणबाईंच्या सामानाचा टेंपो शाळंच्या आदी येतोय.”

“कोन मास्तरीन?” आक्का म्हणाल्या.

“आई, तुला विचारलं होतं मी. एक शिक्षिका आहेत, घर भाड्यानं मागतायत, देऊ का? तू म्हणालीस, बघू की.”

“मंग?”

“मग दिलं.”

“आरं, बघू की म्हनलं म्या!”

“तेच तर म्हणतोय मी! तू बघू की म्हणालीस!”

“व्हय! बघू की म्हनलं!”

दोघंही तेच वाक्य ओरडून एकमेकांना खोटं पाडत होते. आजूबाजूच्या माणसांना तेवढाच विरंगुळा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंधरा वर्षं परदेशात आणि त्याआधी पुण्यात काढलेल्या या पोराला ‘की’ची पक्की आठवण होती आणि त्याचा अपवाद तेवढा तो विसरला होता. ‘येतो की’, ‘देतो की’, तसंच ‘बघू की’.

मी त्याला समजावून सांगितलं. रश्मी हळूच म्हणाली, “मामी, म्हणजे नाही?”

“नाही.”

“मग खोली बघून म्हणाल्या होत्या ते?”

“तेही नाही.”

“आणि मी पनीरची भाजी परत करू का विचारलं, तेव्हा?”

मी धुक्याकडे बघायला लागले.

संदीपनं कॉफीचे कप कठड्यावर ठेवले. “आई, तुला राहायचं नव्हतं तर सरळ सांगायचं ना. मी घर भाड्यानं दिलं, म्हशीचं बाळूशी बोललो, रश्मीनं खोली केली...”

“पोटच्या पोराला तोंडावर न्हाय कसं म्हनायचं?”

“मग आता म्हण.”

आक्कांनी चादर घट्ट ओढून घेतली. “संदीप, म्या हितं ऱ्हानार न्हाय. न्हाय म्हंजी न्हाय.”

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांच्या तोंडून सरळ ‘न्हाय’ मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनाही ते नवीन असावं. बोलून झाल्यावर त्या जरा दचकल्यासारख्या दिसल्या.

“आणि परत पडलीस म्हणजे?” संदीपचा आवाज एकदम खाली आला. “मागच्या वेळी शेजारच्या काकू दूध न्यायला आल्या म्हणून. त्या दिवशी त्यांना उशीर झाला असता तर? मी इथून काय करणार होतो?”

म्हातारी माणसं पडतात आणि सिडनीहून अकलूजला धावत येता येत नाही. यात त्याचं काही चुकत नव्हतं.

फोन अजून चालूच होता. “दादा, मंग टेंपो माघारी धाडू का?” बाळूनं विचारलं.

“थांब,” आक्का म्हणाल्या. “ती बाई आदी कुटं ऱ्हात हुती?”

“पेठेत, काकू. ती खोली सोडली की त्यांनी. दुसरं भाडेकरू आलं बी तितं.”

आक्का फोनकडं तोंड करून, नीट ऐकू जावं म्हणून ओरडल्या, “फुडच्या दोन खोल्या दे तिला! मधल्या दाराला कडी घाल! सैपाकघराला आन् म्हशीला हात लावायचा न्हाय म्हनावं!”

“आन् कपाटाची किल्ली?”

आक्कांनी कमरेची पिशवी चाचपली. “माझ्याकडं हाय.”

अकलूजच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून जी बाई समुद्र ओलांडते, ती राहायला आलेली नाही, हे तिच्या मुलाला सोडा, विमानतळावरच्या त्या अधिकाऱ्यालाही ओळखता आलं असतं. पण तोही तुपाच्याच मागं लागला.

तेवढ्यात मागं एकदम गलका झाला. वळून बघितलं तर धुकं उठलेलं. किती वेळापूर्वी ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही. आम्ही सगळे कठड्याकडं पाठ करून भांडत होतो. समोर खोल दरी, तिच्यात दाटीवाटीनं झाडं, पलीकडं कड्यांच्या तांबूस भिंती, आणि त्यांच्यामागं एकामागं एक डोंगर. आणि ते खरंच निळे. मला वाटलं होतं, फोटोत रंग चढवत असतील. संदीपनं नाक ओढत सांगितलं की हे सगळं जंगल निलगिरीचं, त्या तेलाची वाफ हवेत असते म्हणून डोंगर निळे दिसतात. मला गंमत वाटली. आपण त्या झाडाला निलगिरी, म्हणजे निळा डोंगर म्हणतो, आणि इथं त्याच झाडानं डोंगर निळे केलेत. आपल्याकडं ते तेल सर्दीपलीकडं कुठं पोचत नाही.

“आन् त्या तीन भनी कुटल्या?” आक्कांनी विचारलं. संदीपनं बोट दाखवलं.

त्यांनी डोळ्यांवर हात धरून तिन्ही सुळके निरखले. “सख्ख्या भनीच हायत. जावा असत्या तर कवाच मधी भिंत घातली असती.”

संदीपला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच.

मग दरीत उतरणाऱ्या रेल्वेत बसलो. ती इतक्या खड्या उतारानं जाते की आपण बाकावर बसलेलो नसतो, ओतलेलो असतो. आक्कांनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडीचा वळ दोन दिवस राहिला. खाली उतरल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, “परत बसायला मिळंल का?”

उरलेले दिवस

पहिले दोन दिवस संदीप कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी त्यानं आईला पुलावरच्या पायवाटेनं चालत नेलं. मी आणि रश्मी मुद्दाम मागं राहिलो. काय बोलले ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा दोघांच्या हातात आइस्क्रीम होतं आणि आक्कांचं नाक लाल होतं. वारा फार होता, असं त्या म्हणाल्या.

सरळ नाही म्हणण्याची आक्कांना मात्र चटक लागली.

“आई, समुद्रावर जायचं?”

“न्हाय.”

“पास्ता खाणार?”

“न्हाय.”

“फोटो काढू?”

“न्हाय. आंबाडा सुटलाय.”

रश्मीला हे फार आवडलं. “मामी, आता कळतं तरी,” ती म्हणाली आणि पनीर बंद करून टाकलं. जायच्या आदल्या दिवशी आक्कांनी तिला शेंगाची चटणी कुटायला शिकवली. तिनं आधी साखर किती घालायची ते विचारलं. आक्कांनी तिचा हात धरून साखरेचा डबा फळीवर परत ठेवायला लावला.

“आई, खोली तशीच ठेवते,” रश्मी म्हणाली. “पुन्हा याल ना?”

“मे म्हैन्यात येते,” आक्का म्हणाल्या. “तवा हितं थंडी असती म्हनं. आमच्याकडं नुसता जाळ.” त्यांनी संदीपला तारखाही लिहून घ्यायला लावल्या.

अकलूज

सोलापूरला न थांबता मी आधी आक्कांना घरी पोचवलं. मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. तिशीच्या असतील, बारीक अंगाच्या, हातात झाकलेलं ताट. घरमालकीणबाई आल्या आल्या आपल्याला बाहेर काढणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. घरमालकीणबाईंनी ताटावरचं झाकण उचललं, पिठलं-भात बघितला आणि “चपला आत घ्या, कुत्रं पळवतंय,” एवढं बोलून त्या थेट गोठ्यात गेल्या.

त्याला आता बरेच दिवस झाले. मधल्या दाराची कडी दोन्ही बाजूंनी उघडीच असते, हे मी गेल्या खेपेला पाहिलं. मास्तरीणबाईंनी गोठ्यात खरखरीत फरशी घालून घेतली. आक्का धारेला गेल्या की त्या वह्या तपासायला गोठ्याच्या दारातच बसतात. संदीपला हे सगळं कळतं. आईची खबर तो आता आईला विचारत नाही, मास्तरीणबाईंना विचारतो. अंधारात गेल्या होत्या का, गोळ्या घेतल्या का. त्या शाळेतल्यासारखं सगळं खरं सांगतात. माझ्याच घरात माझ्यावर पाळत, अशी आक्कांची तक्रार आहे.

परवा रविवारी मी तिथंच होते. संदीपचा फोन आला, आक्कांनी तो मोठ्या आवाजावर लावला.

“आई, खरं सांग. त्या बाईंचा तुला काही त्रास नाही ना?”

पुढच्या खोलीत वहीचं पान उलटल्याचा आवाज थांबला.

“तिचा कसला तरास?” आक्का म्हणाल्या. “माझा हाय तिला. पर सोडून जाईना.”